मे महिन्यातला खड्डा खोटं बोलतो

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. चार टेस्ट पास झाल्या की 'ऑल ओके'चा मेल टाकून मोकळं व्हायचं. हीच खोड मी घरी मानवतला घेऊन गेलो आणि तोंडावर आपटलो. त्याचीच ही गोष्ट.

तर झालं असं. मे २०२४ मध्ये बाबांनी ठरवलं की अंगणात पेव्हर ब्लॉक टाकायचे. रिटायरमेंटनंतरचं त्यांचं पहिलं प्रोजेक्ट! अंगण साधारण २० बाय ३० फूट, सगळी काळी माती. परभणी जिल्ह्यात पावसाळा काढलेल्यांना वेगळं सांगायला नको, चपलेखाली दुसरी चप्पल तयार होते. आईचा अर्थातच पूर्ण पाठिंबा.

मी म्हटलं, थांबा, आधी पाणी मुरतं का ते बघू. नेटवर वाचलं होतं: फूटभर खोल खड्डा घ्यायचा, पाणी भरायचं आणि तासाभरात किती उतरतं ते मोजायचं. इंचभर तरी उतरलं तर ठीक, नाहीतर निचऱ्याची वेगळी सोय करायची. दोन बादल्या ओतल्या. दहा मिनिटांत खड्डा रिकामा! मिस्त्री म्हणाला, "पाणी कसं गटागटा पियायलीय बघा जमीन." मी इंजिनिअरच्या थाटात मान डोलावली. शेजारचे काका कंपाउंडवरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "अरे, उन्हाळ्यात भेगा पाणी पितात. माती नाही पीत."

मी हसलो. काय करणार, डिग्री होती ना माझ्याकडे..

काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात. माझं पाणी त्या भेगांत गेलं. चार पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी खाली उतरायला तयार नसतं. म्हणजे मी रिकाम्या सर्व्हरवर टेस्ट घेतली आणि दिवाळी सेलच्या लोडला सर्टिफिकेट दिलं.

जून-जुलैमध्ये थोडं पाणी साचायचं, बाबा खराट्याने ढकलून द्यायचे. मग १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल, ऐन पोळ्याला. साधा हिशोब आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं अंगण ५६ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला तरी २८०० लिटर, छपराचं पाणी वेगळंच. ब्लॉकखाली आम्ही मुरूम भरला होता. मुरमात पाणी जातं, पण त्याच्या खाली फुगलेली काळी माती. थोडक्यात, अंगणाखाली आम्ही हौदच बांधला होता! तो भरला, ब्लॉक खचले आणि पाणी ढाळ मिळेल तिकडे निघालं. ढाळ होता काकांच्या घराकडे.

काकांचं घर जुनं, माळवदाचं, मातीच्या भिंतींचं. भिंतीचा खालचा भाग ढासळला, ज्वारीची तीन पोती भिजली. नशीब, त्या खोलीत कुणी झोपलेलं नव्हतं. काका एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. आई महिनाभर वाटीतून काही ना काही पाठवत राहिली. भिंत बाबांनी बांधून दिली.

पावसानंतर ओल्या मातीत मी पुन्हा खड्डा घेतला. चार तासांत पाणी अर्धा इंचही उतरलं नाही. हा खरा रिझल्ट!

मग दिवाळीआधी सगळं उकललं. घरापासून रस्त्याच्या नालीकडे दर दहा फुटांना दोन इंच ढाळ दिला, पाण्याची नळी लावून लेव्हल तपासली. छपराचा पाइप थेट नालीला जोडला. काकांच्या बाजूची तीन फूट पट्टी ब्लॉकशिवाय ठेवून तिथे उथळ चर काढला, तोही नालीला मिळतो. पहिल्या खर्चाच्या एक तृतीयांश खर्च पुन्हा झाला.

काहीजण म्हणतात, ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतंच की. फटीतून जातं हो, पण पुढे माती घेते का? आणि कुणी म्हणतं, आपल्याकडे पाऊसच कुठे पडतो? खरंय, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण तोच पाऊस कधी दोन दिवसांत येऊन उभा राहतो, आणि अंगण त्या दोन दिवसांसाठीच तपासायचं असतं.

तेव्हा तुमच्याही गावाकडे अंगण पक्कं करायचं घाटत असेल (आणि पैसे तुम्ही पाठवणार असाल), तर खड्डा पावसाळ्यात घ्या. उन्हाळ्यातच घ्यावा लागला तर तो पुन्हा पुन्हा भरा, रात्रभर माती फुगू द्या आणि सकाळी मोजा. भर पावसात छत्री घेऊन एकदा उभे राहा, पाणी कुणाच्या दारात जातंय ते बघा. काळ्या मातीत 'मुरेल' यावर भरवसा ठेवू नका, पाण्याला वाट काढून द्या.

आणि हो, कंपाउंडवरून कुणी काका काही म्हणाले तर हसू नका. त्यांनी त्या मातीत साठ पावसाळे टेस्टिंग केलेलं असतं :)