जिंगल बेल चालतं, अभंग चालत नाही!

डिसेंबर लागला की आमच्या हिंगण्यातही शाळाशाळांतून कापसाचा बर्फ पडायला लागतो. लाल टोप्या घातलेली पोरं, कागदाचं झाड आणि लाउडस्पीकरवर 'जिंगल बेल्स'. पोरं गोड दिसतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही, मोठ्यांशी आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी मी सुचवलं होतं, रेव्हरंड टिळकांचा एखादा अभंग मुलांकडून बसवून घेऊ, साथीला खंजेरी ठेवू. सूचना दोन्हीकडून मारली गेली. एक जण म्हणाले, "सर, मराठीत म्हटलं की स्टँडर्ड राहत नाही." दुसरे म्हणाले, "अभंग विठ्ठलाचा, तो येशूला काहून? उद्या लोक म्हणतील धर्मांतर चाललंय." आणि मंडळी, दोघांचं एकमत कशावर झालं? जिंगल बेल्सवर!

हे गाणं १८५७ साली अमेरिकेत छापलं गेलं, जेम्स पियरपाँट नावाच्या गृहस्थाचं. त्यात येशूचं नाव नाही, नाताळचंही नाही. एका घोड्याची, बर्फावरून घसरत जाणारी गाडी आणि तरुणांची मौज, बस्स. घोडागाडीची मजा हाच जर सण असेल, तर आमच्याकडे तान्हा पोळा आहेच की!

माझा नातू टेक्सासला असतो. त्याने मला फोनवर तिकडच्या 'कंट्री' गायकांची नाताळची गाणी ऐकवली. कंट्री म्हणजे खेड्यापाड्यातल्या कष्टकऱ्यांचं, गुराख्यांचं गाणं. जीन ऑट्री हा टेक्सासचाच, सिनेमात काउबॉय व्हायचा. त्याने १९४९ साली लाल नाकाच्या रुडॉल्फ हरणाचं गाणं म्हटलं आणि ते लाखांनी खपलं. डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगरातल्या गरीब घरची. तिने १९८४ साली केनी रॉजर्सबरोबर नाताळच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली. (यात धंदाही आहेच. भाबडेपणा नको.) पण गंमत अशी, की ही माणसं नाताळ गातात ती आपल्या गावच्या हेलात आणि आपल्याच वाद्यांवर. त्यातला बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. नाताळच्या गाण्याला तो चालत नाही, असं मला तरी त्या गाण्यांत कुठे ऐकू आलं नाही.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे हे काम चारशे वर्षांपूर्वीच झालंय! फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला माणूस गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या. येशूचा जन्म आपल्या ओवीत! पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. म्हणजे मराठीत येशू नको म्हणणारे आमचे सद्गृहस्थ कुणाच्या पंक्तीला जाऊन बसतात ते बघा.

नारायण वामन टिळक तर ख्रिस्ती होण्याआधी काही काळ आमच्या नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही. ख्रिस्ती कीर्तनं केली. लक्ष्मीबाईंनीही केली. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं केलं.

यावर उत्तर ठरलेलं: हा सगळा प्रचार होता. होताच! मी कुठे नाही म्हणतो? टिळकांनी ते कधी लपवलं नाही. हिस्लॉपसाहेबही नागपुरात प्रचारालाच आले होते. पण त्यांनी गोंडांची गाणी, त्यांची लिंगोची कथा उतरवून घेतली, आणि ती १८६६ साली छापून निघाली. स्वतः साहेब १८६३ मध्येच गेले. आमच्या इकडच्याच टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं बघायला गेले होते, परतताना नदीत बुडाले. हेतू काहीही असो, गाणं मागे राहिलं. ते गाणं आता मिशनचं की गोंडांचं?

आणि चाल काय कुणाच्या सातबाऱ्यावर चढवलेली असते? श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान, त्यांचे अभंग आपण संतवाङ्मय म्हणून शिकवतो. मी स्वतः शिकवले. प्रल्हाद शिंदे ज्या गळ्याने भीमगीतं गायले त्याच गळ्याने विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी गायले. २००४ साली ते गेले, तरी आषाढीला आणि गणपतीत त्यांच्यावाचून लाउडस्पीकर सुरू होत नाही. तेव्हा कुणी विचारत नाही, गाणारा कोणत्या धर्माचा. तुकडोजी महाराजांची खंजेरी तर सर्व धर्मांच्या प्रार्थनेसाठी वाजली. हे सगळं चालतं. मग ख्रिस्तजन्माचा अभंग आला की एकदम घसा का बसतो?

खरं सांगू? स्टँडर्डवाल्याला मराठीची लाज वाटते आणि दुसऱ्याला शेजाऱ्याची भीती. दोघांनाही इंग्रजी गाणं सोयीचं, कारण त्याचा अर्थ कुणाला लागत नाही.

असो. यंदा शाळेच्या नादी लागलो नाही. आमच्या भजनी मंडळातल्या एका खंजेरीवाल्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "बोल कुणाचे का असेनात गुरुजी, चाल सांगा ना जी." शब्द माझ्याकडे पुस्तकात आहेत, चाल नाही. नगरकडच्या किंवा आपल्या सदरमधल्या कुणा वाचकाने टिळकांचे अभंग चर्चमध्ये म्हटले असतील, तर मोबाइलवर गाऊन पाठवा. आवाज कसाही चालेल. फक्त वीस तारखेच्या आत पाठवा, बसवायला चार दिवस तरी लागतील.