गरिबांचा वकील कोण?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे बापाने मुलास सांगावी अशी झाली आहे. तीत व्यवहारज्ञान आहे, हे आम्ही स्वतः वकिलीच्या धंद्यातले असूनही नाकबूल करीत नाही. परंतु मनात आले तर पायरी चढेल, नाही तर घरी बसेल, अशा माणसापुरतीच ही म्हण खरी. ज्या हमालास पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटापुढे उभे केले, ज्या विधवेस दिराने घराबाहेर काढले, ज्या मजुराची मजुरी ठेकेदाराने बुडविली, त्यांस कोर्टाची हौस नसते. प्रसंगच त्यांस तेथे ओढून नेतो. तेथे एका बाजूस कायदा जाणणारा वकील आणि दुसऱ्या बाजूस नुसते जोडलेले हात, अशा झगड्यास न्याय म्हणावे काय?

हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबई सरकारने १९४९ सालीच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याचा विचार करविला होता. पुढे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आले, आणि पैशाच्या अभावी कोणी न्यायास मुकू नये हे राज्याचे धोरण ठरले. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची दैना उघडकीस आली. आरोप शाबीत झाल्यास जितकी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ काही जण खटल्याची वाट पाहत तुरुंगात पडले होते! गरीब आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळणे हा त्याच्या जीवित-स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी सांगितले. अखेर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळ-भूकंपाने नागवलेले आणि कोठडीत असलेला कोणीही इसम, यांस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांस ठराविक उत्पन्नमर्यादेच्या आत मिळतो.

कायदा चांगला आहे. मग उणे कोठे? आमच्या मते उणे हे की, ज्याच्यासाठी हा हक्क निर्माण केला त्याच्या कानी तो वेळेवर पडत नाही. अरुणाचल प्रदेशातील एका खटल्यात आरोपीस वकिलावाचून दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याने वकील मागितलाच नव्हता, सबब तक्रारीस जागा नाही, असे उच्च न्यायालय म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ती शिक्षा रद्द केली. ज्यास हक्कच ठाऊक नाही तो मागणार काय? म्हणून हक्क सांगण्याची जबाबदारी मॅजिस्ट्रेटाची आहे, हे तत्त्व तेथे पक्के झाले. परंतु आरोपीस समजेल अशा भाषेत सांगणे वेगळे, आणि ‘सांगितले’ असा शेरा मारणे वेगळे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत शंभरांतील सुमारे ७५ जण कच्चे कैदी होते. हा आकडा शेऱ्यांनी कमी होणारा नव्हे.

आमचे काही व्यापारी वाचक म्हणतील की, फुकट वकील मिळाला म्हणजे ऊठसूट दावे होतील आणि भुर्दंड करदात्यास. या शंकेचे उत्तर कायद्यातच आहे. अर्जदाराच्या म्हणण्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे, अशी खात्री झाल्यावरच मदत मिळते. आणि त्याच कायद्याखालील लोकअदालतीत कोर्टफीशिवाय तडजोड होते, तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो. शिवाय ज्या बाजारात दुबळ्यास दाद मिळत नाही, तेथे उद्या प्रामाणिक सावकाराचीही पत राहत नाही, हे पेढीवर बसणारास आम्ही सांगावयास नको.

दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयाची. मोफत म्हणजे निकृष्ट, अशी लोकांची समजूत असेल तर ती खोटी ठरविणे आपल्याच हाती आहे. अशिलाने फी दिली नाही म्हणून कागद कमी वाचावेत, हे वकिलीस शोभत नाही. सरकारनेही अशा वकिलास पोट भरेल इतका मेहनताना वेळेवर द्यावा. उपाशी धर्मादायावर न्याय चालत नाही.

आणि वाचकहो, आपले काम तर अगदी सोपे आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. दुकानातील गड्यास, घरकाम करणाऱ्या बाईस, वखारीतील हमालास आज एवढेच सांगा. साक्षर माणसाने निरक्षरास त्याचा हक्क कळविणे हा उपकार नव्हे. ते साक्षरतेचे ऋण आहे, आणि ते फेडल्यावाचून स्वराज्य गरिबाच्या दारी पोचले असे आम्ही म्हणणार नाही.