लाथ मारण्याआधी पडायला शिकवा

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या स्वसंरक्षणाचं प्रात्यक्षिक असलं की त्याचा शेवट ठरलेला असतो. एक मुलगी धावत येते, उडी घेते आणि दोघींनी धरलेलं मंगलोरी कौल लाथेने फोडते. टाळ्या पडतात, पालकमंत्री खूश होतात, फोटो छापून येतो. त्या मुलीच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण उद्या रस्त्यावर कुणी तिच्या पोटात लाथ घातली तर तिने काय करायचं, हे त्या वर्गात कुणी शिकवलेलं नसतं.

मी साताऱ्यात जुदो शिकवते. नव्या मुलीचे वडील महिन्याभरात हमखास विचारतात, "मॅडम, ही अजून नुसती पडतेच आहे. लाथ कधी शिकवणार?" त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

रस्त्यावरची लाथ मैदानातल्या लाथेसारखी येत नाही. तायक्वांदोत कमरेखाली लाथ मारायला बंदी आहे. डोक्याला लागलेल्या लाथेचे तीन गुण, गिरकी घेऊन मारली तर पाच. साहजिकच खेळाडू पाय उंच नेण्याचा सराव करतात आणि समोरून येणारी लाथही उंच येईल असं धरून चालतात. भांडणात मात्र लाथ येते गुडघ्यावर, नडगीवर, जांघेत, पोटात. पायात बूट असतात, खाली खडी किंवा काँक्रीट असतं आणि समोर बहुतेकदा एकटा माणूस नसतो. तायक्वांदोने मुलींना चपळाई येते, हिंमत येते, ते जरूर शिकावं. फक्त तेवढ्याने लाथेपासून बचाव होतो, असं कुणी सांगू नये.

पहिला बचाव अंतराचा. जोरात ढकललेल्या दाराची कड वेगाने अंगावर येते आणि जोरात लागते, बिजागरीजवळ तेच दार हळू सरकतं. पायाचंही तसंच, सगळा जोर टोकाला. म्हणून बरोबर एका पायाच्या अंतरावर उभं राहणं सगळ्यात वाईट. एक तर दोन पावलं मागे सरा, नाहीतर सरळ आत, त्याच्या कमरेला भिडा. अर्धवट मागे झुकलात तर लाथ पूर्ण ताकदीनिशी लागते. नजर त्याच्या पायांवर नको, कमरेवर आणि खांद्यांवर ठेवा. लाथ मारायची तर आधी दुसऱ्या पायावर भार घ्यावाच लागतो, आणि तो भार सरकताना कंबर हललेली दिसते. वाद वाढतोय असं वाटलं की एक पाय मागे घ्या, दोन्ही तळवे उघडे ठेवून छातीसमोर धरा आणि मोठ्याने म्हणा, "दादा, लांब राहा." हात जागेवर येतात आणि आजूबाजूचे लोक साक्षीला तयार होतात.

लाथ अडवायला हात खाली नेऊ नका. बोटं मोडतात आणि तोंड उघडं पडतं. थाई बॉक्सिंगमध्ये गुडघा उचलून नडगी बाहेर वळवतात आणि लाथ हाडावर घेतात. २०१३ च्या डिसेंबरात लास वेगासमधल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतीत अँडरसन सिल्वाने मारलेली लाथ क्रिस वाइडमनने अशीच अडवली आणि मोडली ती सिल्वाचीच नडगी. पण ही दोघं आयुष्यभर तेच करत आलेली माणसं. तीन महिन्यांच्या वर्गात ही गोष्ट अंगात मुरत नाही, आणि मुरली असं मुलीला भासवणं मला अन्याय वाटतो.

आमच्याकडच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींना एक गोष्ट आधीच येते, घोटा पकडायची. त्यांना मी मुद्दाम बजावते. मैदानात तुझ्यामागे साखळी असते. रस्त्यावर त्याचा पाय धरून बसलीस तर तुझे दोन्ही हात अडकले आणि त्याचे मोकळे. पाय हाताशी आलाच तर वर उचल, ढकल आणि पळ.

आता पडण्याबद्दल. मारामारीत जीव जातो तो बऱ्याचदा लाथेने नाही, लाथेने तोल जाऊन डोकं जमिनीवर आपटल्याने. जुदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही जुदोची शाळा सुरू केली. तेव्हापासून जुदोत नव्या माणसाला आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, श्वास सोडायचा, हात कोपरापासून पंजापर्यंत आडवा आपटायचा. तळवा टेकवून सावरायला गेलं की मनगट जातं. शेकडो वेळा पडल्यावरच हे आपोआप घडायला लागतं. म्हणून ती मुलगी महिनाभर पडत असते.

पडल्यावर मारणारा एकटा असेल तर पालथं होऊ नये. पाठीवर किंवा कुशीवर राहून पाय त्याच्याकडे करावेत आणि तो फिरेल तसं फिरावं. २६ जून १९७६ ला टोकियोत बॉक्सर मुहम्मद अलीसमोर जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी पंधरा फेऱ्यांचा बहुतेक वेळ असाच आडवा राहिला आणि अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. सामना बरोबरीत सुटला. लोकांनी त्याला तमाशा म्हटलं. मला मात्र त्यात दिसतं ते हे, की जगज्जेत्याला आडव्या माणसापर्यंत पोहोचता आलं नाही. मारणारे अनेक असतील तर हे चालत नाही. मग गुडघे पोटाशी, कोपरं बरगड्यांशी, हात डोक्यावर आणि मानेवर, जमलं तर पाठ भिंतीला. आणि पहिल्या फटीत उठायचं. एक हात मागे जमिनीवर, दुसरा तोंडासमोर, एक पाय रोवून दुसरा खालून मागे ओढायचा आणि उभं राहून पळायचं. उठताना त्यांच्याकडे पाठ करायची नाही.

सुटून घरी आल्यावर "काही नाही झालं" म्हणून झोपू नका. डोकं आपटलेला माणूस नीट बोलतो, जेवतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडू शकतो. डाव्या बरगड्यांखाली लाथ बसली आणि मग डावा खांदा दुखू लागला, तर प्लीहेतून रक्तस्राव होत असू शकतो. लघवीत रक्त आलं तर मूत्रपिंडाला इजा. मुलग्यांना जांघेत मार लागून दुखणं थांबत नसेल तर पहिले सहा तास मोलाचे असतात, तिथे लाज आड येऊ देऊ नये. पोलिसांचे कागद झाल्याशिवाय उपचार नाहीत असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तातडीचे उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने मिळतात. त्यातला पहिला महिना पडण्याला आणि उठण्याला द्यावा, आणि शाळेला आधी मॅट द्याव्यात. फरशीवर कुणीच पडायला शिकत नाही.

आणि या वर्गात मुलगेही घ्यावेत. रस्त्यावर मारामाऱ्या करतात ते बहुतेक तेच, लाथा खातात तेच आणि पडलेल्याला घेरून तुडवतातही तेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःचा बचाव करण्याचा हक्क दिलेला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. समोरचा खाली पडला, त्याच्याकडून धोका उरला नाही, त्यानंतर मारलेली लाथ बचावात बसत नाही, तो गुन्हा असतो. हे प्रत्येक मुलाला दहावीच्या आत कुणीतरी समोर बसवून सांगितलं पाहिजे. शिक्षण विभागाने पुढच्या वर्षीच्या वर्गांपासून ही सुरुवात करावी.