परीक्षा इंग्रजीत, अभ्यास मराठीत

पर्सनल ट्रेनरच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्या पोरांकडून एक वाक्य सारखं ऐकतो, "अनुभव हाय, खरं इंग्रजी आडवं येतंय." मला हे पटत नाही. मी मराठी शाळेतला. बेळगावात एका जिममध्ये फ्लोअरवर काम करतो आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या परीक्षेची तयारी करतोय. आपल्याला आडवी येते ती घोकंपट्टी, असं माझं मत झालंय.

परीक्षेत १५० प्रश्न, वेळ तीन तास. त्यातले २५ प्रश्न गुणांत धरतच नाहीत, खरं ते कुठले हे सांगत नाहीत. २०० ते ८०० च्या मापावर ५०० मिळाले की पास. नुसत्या व्याख्या पाठ करून भागत नाही, कारण बरेच प्रश्न समोरच्या माणसाबद्दल असतात. समजा, ५२ वर्षांची बाई आहे, बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे, तिला व्यायाम सुरू करायचाय. '२२० वजा वय' पाठ केलेला गडी लगेच १६८ आकडा काढतो आणि नाडीचं टार्गेट देऊन मोकळा होतो. खरं ती गोळी नाडी फार वाढूच देत नाही. त्या आकड्याच्या मागं पळवलं तर बाई नको तेवढी दमणार. तिथं आधी डॉक्टरांची परवानगी, मग तिला किती दम लागतोय, चालता चालता बोलता येतंय का, हे बघायचं. आता सांगा, यात इंग्रजी कुठं नडलं?

उलट, तालमीत गेलेल्या पोरांकडं निम्मा अभ्यास अंगात असतो. बैठक मारताना खाली जातो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताण धरून लांबत असतो, ते एक्सेंट्रिक. वर येताना तोच आखडतो, ते कॉन्सेंट्रिक. मुद्गल फिरवताना खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार स्नायू. नावं लॅटिन आहेत, ती पाठ करावीच लागतात, त्यातून सुटका नाही. अ‍ॅबडक्शन म्हणजे अंगापासून लांब, अ‍ॅडक्शन म्हणजे अंगाजवळ. एका अक्षराचा फरक, आणि घाईत तिथंच गुण जातात.

मी एक धडा इंग्रजीत वाचतो, पुस्तक मिटतो आणि वहीत मराठीत लिहून काढतो. जिथं पेन अडतं ते मला कळलेलं नसतं. रात्री जेवणं झाली की तेच आईला सांगतो. तिला गुडघ्याचा सांधा कळला तर मला कळला. (ती आता उठता-बसता मलाच गुडघा सरळ ठेव म्हणते, हा वेगळा ताप.) आणि पुढं कामही हेच आहे की! जिममध्ये सकाळी येणाऱ्या काकू मराठी बोलतात, त्यांच्या शेजारचे अण्णा कन्नड. त्यांना पुस्तकातलं इंग्रजी ऐकवून काय उपयोग?

एका गोष्टीवर मात्र मी जरा कडक आहे. आपल्याकडं ट्रेनर म्हणजे पावडर विकणारा आणि डाएट लिहून देणारा, अशी समजूत झालीय. परीक्षा उलटं शिकवते. आजाराचं निदान करणं, आजारासाठी आहार लिहून देणं हे आपलं काम नव्हे, तिथं डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडं पाठवायचं. काही पोरं हा धडा 'सोपा आहे' म्हणून सोडतात. कुणाची तरी किडनी आपल्या शब्दावर अवलंबून असते, बाबांनो. तो धडा दोनदा वाचा.

फी आपल्या पगाराच्या मानानं मोठी आहे आणि नापास झालं की परत भरावी लागते. म्हणून तारीख घ्यायची घाई नको. सराव परीक्षा घड्याळ लावून द्या. सीपीआरचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवा. त्याशिवाय बसता येत नाही, आणि नुसता व्हिडिओ बघून मिळालेलं चालत नाही, हातानं करून दाखवावं लागतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर दोन श्वास. वहीत मी हे पहिल्याच पानावर लिहिलंय, मराठीत.