वाट मोडली तरी माणूस मोडू नये



गडहिंग्लजच्या स्टँडवर संध्याकाळची नेसरीची गाडी रद्द झाली तर आपण काय करतो? थोडी कुरकुर करतो, चहा पितो आणि त्या बाजूला जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीला हात करतो. "कुणाचा रे तू?" असा प्रश्न येतो, आजोबाच्या नावापर्यंत धागा लागतो, आणि उशिरा का होईना, माणूस घरी जेवायला पोचतो. ओळखीच्या मुलखात वाट मोडली तरी फारसे अडत नाही.

पण आपली पोरे आता ओळखीच्या मुलखात राहिलेली नाहीत. कुणी जर्मनीत शिकायला जातो, कुणी इटलीत. सुट्टी लागली की पाठीवर एक पिशवी टाकायची आणि इटली, ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल बघायला एकट्याने निघायचे, ही तिकडची रीत आपल्या मुलांनीही उचलली आहे. मुलीही निघतात. घरी फोटो येतात, आई ते मोठे करून बघते आणि "जेवलास का?" एवढेच विचारते. तिच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो. तिकडे याची गाडी चुकली, पाकीट मारले गेले, ताप आला, तर याला "कुणाचा रे तू?" असे कोण विचारील?

हा प्रश्न आपल्या भागाला आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो थेट राजवाड्याच्या दारात उभा राहिला होता. आपला गडहिंग्लजचा मुलूख तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता. 1866 साली राजाराम महाराज गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा. शिकण्याची हौस मोठी, इंग्रजी चांगले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाने उभे आहे, ते हेच महाराज. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी समजूत घरोघर होती, त्या काळात म्हणजे 1870 साली, विशीतला हा राजा विलायतेला निघाला. लंडन पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहिले. रोज काय पाहिले ते स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले. त्यांच्याबरोबर गेलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती रोजनिशी 1872 साली लंडनमध्ये छापून आणली.

नोव्हेंबरात महाराज परत निघाले. त्या साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात लढाई जुंपली होती, पॅरिसला वेढा पडला होता. मंडळी बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया अशी करत इटलीकडे आली. वाटेत महाराजांची प्रकृती बिघडली, आणि फ्लॉरेन्स शहरात पोचल्यावर ती सावरली नाही. 30 नोव्हेंबर 1870 रोजी एका हॉटेलात महाराजांचा अंत झाला. वय वीस. कोल्हापूर हजारो मैलांवर.

आता बरोबरच्या माणसांपुढे पेच उभा राहिला. त्या देशात माणसाला पुरायची चाल. दहनाची परवानगी कुणाकडे मागायची? सोबतच्या मंडळींनी धीर सोडला नाही. अधिकाऱ्यांना भेटून आपला धर्म काय सांगतो ते समजावून दिले. शहराने परवानगी दिली. कॅशिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांचा संगम आहे. आपल्याकडे असते तशी संगमावरची जागा मिळाली आणि तिथे रात्री चिता पेटली. फ्लॉरेन्सचे लोक ते पाहायला जमले होते. पुढे 1874 साली त्याच जागी छत्री उभारून महाराजांचा अर्धपुतळा बसवला. तो आजही तिथे आहे. जवळच 1978 साली आर्नो नदीवर मोठा पूल झाला. त्याला तिथले लोक ‘पोंते अल्लिंदियानो’ म्हणतात, म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. आपल्या एका तरुण राजाचा प्रवास जिथे मोडला, त्या जागेची खूण परक्या गावाने अशी सांभाळली आहे.

राजाजवळ पैसा होता, इतमाम होता, डॉक्टर मिळत होते. तरी प्रवास मोडायचा तो मोडलाच. यावरून "म्हणून पोरांना पाठवू नये" असे कुणी म्हणेल, तर ते मला पटत नाही. पाऊस दगा देतो म्हणून आपण पेरणी सोडत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात धराव्यात. अडचणीत धीर धरून विचारणारा माणूस लागतो, आणि नीट विचारले तर परकी माणसेही दार उघडतात. राजाबरोबर विचारायला माणसे होती. आपले पोर एकटे असते. म्हणून त्याची तयारी निघण्याआधी घरातूनच झाली पाहिजे.

तिकडे काय काय मोडते, ते आधी माहीत असावे. इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात, पण ते बहुधा आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत लोकलसारख्या प्रादेशिक गाड्यांची ठरावीक सेवा चालू ठेवावी लागते. ग्रीसमध्ये बेटावर जायला बोट लागते. जुलै-ऑगस्टात उत्तरेचा वारा जोरात सुटला की बोटी बंद. हिरण्यकेशीला पूर आला आणि भडगावच्या पुलावर पाणी चढले की आपण अलीकडेच थांबतो ना? तसेच ते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नये, दोन दिवस हातात ठेवून मुख्य शहरात यावे.

28 एप्रिल 2025 रोजी तर स्पेन आणि पोर्तुगालमध्ये देशभर वीज गेली. रेल्वे वाटेत उभ्या राहिल्या, कार्डाचे व्यवहार अडले. ज्याच्या खिशात रोकड होती, त्याला पाव आणि पाणी मिळाले. तेव्हा थोडी रोकड हवीच, आणि तीही एका जागी नको. यात्रेला जाताना आपली आजी चार पैसे कनवटीला आणि चार गाठोड्यात ठेवायची. तोच शहाणपणा रोममध्येही चालतो.

युरोपातून सुटणारे विमान रद्द झाले, तर कंपनीने दुसऱ्या विमानाची सोय करावी किंवा तिकिटाचे पैसे परत द्यावेत, असा तिथला कायदा आहे. अडकून पडावे लागले तर जेवण आणि गरज पडल्यास रात्रीचा मुक्कामही कंपनीकडे असतो. मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही, म्हणून खिडकीवर जाऊन शांतपणे मागावे आणि खर्चाच्या पावत्या जपाव्यात.

पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी, मग आपल्या वकिलातीत जावे. आपली वकिलात रोम, अथेन्स, माद्रिद आणि लिस्बन इथे आहे, मिलानमध्येही कचेरी आहे. तातडीने परत यायचे असेल तर तिथे एका खेपेपुरता कागद मिळतो, त्यावर मायदेशी येता येते. मार्च 2020 मध्ये इटलीत करोनाने हाहाकार माजला, तेव्हा मिलानहून 218 भारतीयांना एका विमानाने परत आणले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. संकटात आपले सरकारी दार ठोठावायला संकोच करू नये.

अपघात, आजार, मारहाण, काहीही झाले तर 112 हा नंबर. तो सगळ्या युरोपियन संघात चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. थोड्या दिवसांच्या व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. पण विम्याचा कागद पिशवीच्या तळाशी गेला तर उपयोग काय? विमा कंपनीचा नंबर मुलाकडे असावा आणि घरीही असावा.

आता घरच्यांचे काम. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. कोणत्या दिवशी कोणत्या गावी मुक्काम, एवढे त्याच्याकडून लिहून घ्या. तिथले घड्याळही समजून घ्या. आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा इटलीत उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन असतात. पोरगा फोन उचलत नाही म्हणून सकाळी रडारड करू नका, तो झोपलेला असतो.

आणखी एक सावधगिरी. "तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडले आहे, ताबडतोब पैसे पाठवा," असे फोन करून आई-बापांना लुबाडणारे लोक आहेत. म्हणून एक खूण ठरवून ठेवा. घरच्या पहिल्या गाईचे नाव विचारा. ते सांगता आले नाही तर फोन ठेवा आणि मुलाच्या नंबरवर स्वतः फोन लावा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपली पोरे अडचण लपवतात. बापाने कर्ज काढून पाठवले, आता पाकीट मारले गेले हे कसे सांगू, या भीतीने पोर उपाशी झोपते, भलत्याकडून उसने घेते, आणि लहान अडचण मोठी होते. याला उपाय सरकारकडे नाही, विमा कंपनीकडे नाही. तो बापाच्या तोंडात आहे. निघण्याच्या दिवशी, पाया पडायला वाकला की एवढेच सांगा: "काही झाले तर पहिला फोन घरी कर. हिशोब मागाहून बघू." आणि तसा फोन आलाच, तर शब्द पाळा. आधी "तू बरा आहेस ना?" असे विचारा, "किती गेले?" ते नंतर.