महापौराचे मत आणि पार्षदाचे मत

ग्वाल्हेर नगर निगमाच्या निवडणुकीत मतदाराला एक नव्हे, दोन मते असतात, हे आपल्या मंडळींना ठाऊक नाही असे नाही. परंतु दोन मतांसाठी विचारही दोनदा करावा लागतो, हे फारसे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. महापौर कोण व्हावा यावर लष्करातल्या घराघरांतून रात्री उशिरापर्यंत खल चालतो. पार्षदाचे मत (पुण्यामुंबईकडे ज्याला नगरसेवक म्हणतात तोच हा) केंद्रात गेल्यावर चिन्ह पाहून उरकले जाते.

या हयगयीची किंमत काय, हे २०२२ च्या निकालाने पुरेसे दाखविले आहे. त्या वर्षी ६ जुलैला मतदान झाले. महापौरपद काँग्रेसच्या शोभा सिकरवार यांनी सुमारे २८ हजार मतांनी जिंकले आणि सत्तावन्न वर्षांनी ते त्या पक्षाकडे आले. त्याच दिवशी त्याच मतदारांनी ६६ वॉर्डांतून भारतीय जनता पक्षाचे ३४ आणि काँग्रेसचे २५ पार्षद निवडून दिले. निगमाचे मस्तक एका पक्षाचे आणि धड दुसऱ्याचे, असा हा प्रकार झाला.

आता यात मतदार चुकला असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. एका हाती सर्व सत्ता देऊ नये असे ज्याला मनापासून वाटले, त्याने केले ते ठीकच केले. प्रश्न एवढाच की, किती जणांनी ते जाणूनबुजून केले? कारण महापौर जनतेने थेट निवडला तरी त्याला कारभार एकट्याने करता येत नाही. आपले सहकारी, ज्यांच्या मंडळाला मेयर-इन-कौन्सिल म्हणतात, ते त्याने निवडून आलेल्या पार्षदांतूनच घ्यावयाचे असतात. अंदाजपत्रक मंजूर करावयाचे ते सभागृहाने. शिवाय आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी. म्हणजे महापौराच्या घोषणा कितीही गोड असल्या, तरी तिघ्र्याचे पाणी तुमच्या नळाला किती वेळ यावे यासाठी लागणारा पैसा सभागृहाच्या दारातूनच बाहेर पडतो.

आणि सभागृहात ३४ या आकड्याचा अर्थ काय? ६६ मध्ये ३३ म्हणजे बरोबर अर्धे. बहुमत झाले ते अवघ्या एका जागेने. एका वॉर्डात वारा थोडा फिरला असता तर सभागृहाचे चित्रच पालटले असते. ‘आपल्या चार घरांच्या मतांनी काय होणार,’ असे म्हणणाऱ्या आपल्या जुन्या कुटुंबांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

थेट निवडणूक हीही काही अढळ गोष्ट नव्हे. २०१९ साली महापौर पार्षदांनीच निवडावा असे ठरले होते. तशी निवडणूक होण्यापूर्वीच तो बेत मोडला आणि २०२२ ला पुन्हा मतदाराच्या हाती अधिकार आला.

तेव्हा महापौराला मत देताना साऱ्या शहराचा विचार करावा: पाणी, कर, निगमाची तिजोरी. पार्षदाला देताना गल्लीचा. गटार तुंबले तर हा गृहस्थ (अथवा या बाई, कारण निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत) दारात उभा राहील काय? पत्नीच्या नावावर निवडून येऊन पतीच कारभार हाकणार असेल, तर तेही आधी विचारून घ्यावे. उमेदवाराने भरलेले शपथपत्र वाचण्याजोगे असते. त्यात मालमत्ता आणि खटले दोन्ही येतात. मराठी आडनाव पाहून मत देणाऱ्यांविषयी काय लिहावे! आडनावाने नळाला पाणी आल्याचे ऐकिवात नाही.

राहता राहिली यादी. बाड्याभोवतालचे वाडे सोडून अनेक कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. नावे मात्र जुन्याच वॉर्डात राहिली आहेत, तर काहींची कोठेच नाहीत. निगमाची यादी वॉर्डवार होते आणि ती राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार होते. मागच्या खेपेस विधानसभेला मत दिले होते, या भरवशावर बसू नये. २०२२ पासून पाच वर्षांची मुदत धरता पुढची पाळी २०२७ ची. यादीचा मसुदा निघाला की घरातल्या प्रत्येकाचे नाव, वॉर्ड आणि केंद्र तपासावे, आणि सुनेचे नाव माहेरच्या गावी राहिले असल्यास ते आधी इकडे आणवावे.