बाळंतिणीची धाप

आपल्याकडे बाळंतिणीची कुठलीही तक्रार एकाच खात्यावर जमा होते. दम लागला तर बाळंतपणाचा अशक्तपणा, पाय सुजले तर वारे लागले, झोप नाही तर बाळ जागवते. बहुतेक वेळा हे खरेही असते. पण कधीतरी ते खरे नसते आणि तेव्हा थांबण्याची किंमत फार मोठी पडते.

काही वर्षांपूर्वी खानापूर भागातली एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण सुखरूप झाले, कन्यारत्न झाले. तिसऱ्या आठवड्यात तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, हिला खोकला सुटलाय बघा. रात्री आडवी झाली की जास्तच. तीन उशा लावून बसल्यासारखीच झोपते."

आईला खोकल्याचे औषध हवे होते. मी मात्र त्या तीन उशांपाशी अडकले. नाडी पाहिली तर एकशे वीसच्या घरात. घोट्यावर बोट दाबले तर खळगा पडला आणि तसाच राहिला. बाळंतपणानंतर पायांची सूज दिवसागणिक उतरायला हवी, हिची चढत होती. त्याच दिवशी तिला बेळगावला हृदयतज्ज्ञांकडे पाठवले. टू-डी इको केला, त्यात हृदयाचे पंपिंग २५ टक्के निघाले.

हा आकडा नीट समजून घ्यावा. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जितके रक्त भरते, त्यातले किती एका ठोक्यात बाहेर फेकले जाते ते पंपिंग. ते कधीच शंभर टक्के नसते. निरोगी माणसात साधारण ५५ ते ७० टक्के असते. आधी हृदयाचा कसलाही आजार नसताना, गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ते ४५च्या खाली गेले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्या आजाराला डॉक्टर 'पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. बाळंतपणाच्या काळात हृदयाचा स्नायू दुबळा होणे, असा त्याचा साधा अर्थ.

निदान ऐकून आईने पहिला प्रश्न केला, "आमच्याकडून काही चुकलं का? शेक जास्त झाला का?"

बाळंतिणीला शेक देण्याची रीत जगात इतरत्रही आहे. नायजेरियाच्या उत्तर भागात बाळंतिणीला तापवलेल्या मातीच्या ओट्यावर निजवत, गरम पाण्याने न्हाऊ घालत आणि तळ्यातले खारे मीठ भरपूर खायला देत. तिथे हा आजार फार आढळतो, म्हणून १९७०च्या दशकात डॉक्टरांनी या रिवाजांवर बोट ठेवले. अलीकडच्या मोठ्या पाहणीत मात्र हे रिवाज कारण म्हणून सिद्ध झाले नाहीत. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, जुळी मुले, वाढलेले वय यांनी धोका वाढतो. काही जणींत आनुवंशिक दोषही सापडतो. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा एक तुकडा हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो, असे २००७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले. तेव्हा आईने, सासूने किंवा त्या मुलीने स्वतःला दोष देऊ नये. एकदा निदान झाल्यावर मात्र मीठ बेतानेच हवे.

आता दिलाशाची गोष्ट. हृदयाचे इतर कितीतरी आजार जन्माची सोबत करतात, पण या आजारात हृदय पुष्कळदा पूर्वपदावर येते. अमेरिकेत १०० स्त्रियांचा वर्षभर पाठपुरावा केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर त्यांतल्या सुमारे ७२ टक्के जणींचे पंपिंग ५०च्या वर आले होते. मात्र सुरुवातीलाच ते ३०च्या खाली असेल आणि हृदय फार फुगलेले असेल, तर वाट अवघड असते. ४९ देशांतल्या ७३९ स्त्रियांची नोंद २०२० साली पुढे आली. त्यात सहा महिन्यांत ४६ टक्के सावरल्या होत्या आणि ६ टक्के दगावल्या होत्या. उशीर का करू नये, ते या शेवटच्या आकड्यातून कळावे.

आमच्या मुलीला लघवी वाढवणारी, हृदयाचा भार कमी करणारी औषधे सुरू झाली. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचीही भीती असते, त्यावरही लक्ष ठेवले. बाळाला अंगावर पाजता येईल का, हे औषधे पाहून हृदयतज्ज्ञांनीच ठरवले. तीन महिन्यांत ती जिने चढू लागली, चेहऱ्यावर टवटवी आली. पंपिंग तेव्हा ४० होते.

खरी अडचण इथे सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "आता बरी आहे की! अजून किती दिवस गोळ्या?" बरे वाटणे वेगळे आणि हृदय बरे होणे वेगळे. अंगात शक्ती आली तरी स्नायू अजून सावरत असतो. मनाने गोळ्या बंद केल्या, तर कमावलेले गमावायची वेळ येते. औषध कधी कमी करायचे ते टू-डी इको सांगतो, आरसा नाही. वर्षभराने तिचे पंपिंग ५५ झाले.

मग आला तो प्रश्न, जो घरात हळू आवाजात विचारला जातो. पहिली मुलगी, आता दुसरे कधी? पंपिंग पूर्ण सुधारलेले नसेल तर पुढचे गरोदरपण जिवावर बेतू शकते, डॉक्टर स्पष्ट नको म्हणतात. पूर्ण सुधारले तरी साधारण पाचातल्या एकीला आजार उलटतो. म्हणून तांबी बसवणे किंवा नवऱ्याने नसबंदी करून घेणे, याचा विचार वेळीच व्हावा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो, त्या स्वतःहून सुरू करू नयेत. या बैठकीला नवरा हवाच. त्या मुलीचा नवरा आला, सगळे ऐकून घेतले आणि आईला म्हणाला, "आमची एकच पुरे." ते वाक्य कुठल्याही गोळीइतकेच मोलाचे होते.

तुमच्या घरात, शेजारी कुणी बाळंतीण असेल तर तिला एवढेच विचारा: आडवे झाल्यावर दम लागतो का? रात्री धाप लागून उठून बसावे लागते का? सूज वाढते आहे का? छाती धडधडते का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले, तर काढा उकळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि बाळंतपण कधी झाले ते आधी सांगा.